खुब्यातली कुरकुर

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक झाला, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी दिवाळीसारखी गर्दी जमली होती. भारताच्या दोन्ही संघांचं नेतृत्व मराठी मुलांकडे होतं. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे. अंतिम सामन्यांत दोन्हीकडे नेपाळला हरवून दोन्ही चषक आपण जिंकले. सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसली होती, भेळेचे कागद फिरत होते, आणि ज्यांनी आयुष्यात कधी कुणाला खो दिला नसेल अशी मंडळीही टीव्हीतल्या खेळाडूंना सल्ले देत होती.

या सगळ्या गोंधळात माझा भाचा मात्र भिंतीला पाठ टेकून उभा होता. सबंध सामनाभर उभा. ‘बस की रे खाली,’ असं दोघातिघांनी म्हणून पाहिलं. तो नुसता हसला. एकवीस वर्षांचा, जिल्ह्याच्या संघातून खेळणारा हा मुलगा खाली मांडी घालून बसू शकत नाही, ही गोष्ट त्या खोलीत दोघांनाच माहीत होती. एक त्याची आई आणि दुसरा मी. आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघांचाही त्याच्या दुखण्यावर पुरता विश्वास नव्हता.

दुखणं सुरू झालं होतं आदल्या पावसाळ्यात. उजव्या जांघेत खोलवर काहीतरी अडकल्यासारखं होतं, म्हणायचा. नेमकं कुठं, असं विचारलं की बोट ठेवून दाखवता येत नसे. हाताचा अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी पकड करून तो खुबा धरायचा आणि म्हणायचा, ‘इथं, आत.’ स्नायू ओढला असेल म्हणून मलम झालं, शेक झाला, तीन आठवडे विश्रांती झाली. मैदानावर परतला की चौथ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एक्स-रे काढला. अहवालात लिहिलं होतं, हाडात कोणताही दोष नाही.

त्या एका ओळीनं घरातलं वारं फिरलं. प्रशिक्षकांना वाटलं, पोरगा सराव चुकवतोय. वडिलांना वाटलं, अभ्यास नको म्हणून खेळ आणि आता खेळ नको म्हणून दुखणं. आणि मी, त्याचा लाडका मामा, त्याला बाजूला घेऊन म्हणालो, ‘अरे, फोटो साफ आहे. बाकी मनाचे खेळ असतात. हिंमत धर.’ त्यावर तो काही बोलला नाही. पुढे महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

*

वास्तविक कागदावर इतका विश्वास टाकण्याचा मला अधिकार नव्हता. बँकेत उमेदवारीच्या काळात माझी नेमणूक मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती. धान्य तारण ठेवून आम्ही व्यापाऱ्यांना कर्ज देत असू. महिन्याला गोदामाची तपासणी करायची, पोती मोजायची आणि सही करायची. एका दुपारी मी दारात उभं राहून रांगा मोजल्या, गुणाकार केला, तो कागदाशी तंतोतंत जुळला. सही करणार तोच आमचे म्हातारे हेड कॅशियर म्हणाले, ‘साहेब, जरा आत जाऊ.’ त्यांनी हमालाला मागच्या रांगेतलं पोतं दाखवलं. त्यानं धान्याचा नमुना काढायची लोखंडी नळी खसकन पोत्यात खुपसली आणि माझ्या तळहातावर रिकामी केली. भुसा होता. पहिल्या दोन रांगांत ज्वारी आणि मागे सगळा भुसा.

‘मोजणी तुमची बरोबरच होती,’ कॅशियर म्हणाले. ‘तुम्ही पोती मोजलीत, ज्वारी नाही.’

हे वाक्य मी पुढे तीस वर्षं नव्या अधिकाऱ्यांना ऐकवत आलो. भाच्याच्या वेळी मात्र मला ते आठवलं नाही.

*

आठवण करून दिली ती हाडांच्या एका डॉक्टरांनी. फेब्रुवारीत एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि भाच्याला विचारलं, ‘कधी दुखतं?’ तोवर प्रत्येकानं ‘कुठं दुखतं’ एवढंच विचारलं होतं. मुलगा धडाधड बोलू लागला. मधल्या पाटीतल्या आपल्या चौकोनात उकिडवं बसलं की काही वेळानं खुबा आखडतो. पाठीमागून खो मिळाला की ज्या क्षणी उसळून उठायचं, त्या क्षणी आत चमक येते. बुटाची नाडी बांधताना येते. रिक्षातून उतरताना येते. सरळ चालताना काही नाही, झोपल्यावर काही नाही.

‘आणि एक्स-रे काढताना तू कसा होतास?’

‘सरळ झोपलेला.’

डॉक्टर हसले. त्यांनी त्याला टेबलावर उताणा झोपवलं, उजवा गुडघा वाकवून पोटाकडे नेला, मग मांडी किंचित डावीकडे ढकलून पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवलं. त्याबरोबर मांडीचं हाड खुब्यात आतल्या अंगाला वळतं. मुलगा टेबलावरून जवळजवळ उठूनच बसला. सात-आठ महिने ज्याला आम्ही मनाचा खेळ म्हणत होतो, ते दुखणं डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात समोर आणून ठेवलं.

खुब्याचा सांधा म्हणजे शाळेत शिकलेला उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात एक खोल वाटी, आणि मांडीच्या हाडाचा वरचा गोळा त्या वाटीत फिरतो. वाटीच्या काठाला लवचीक कूर्चेची एक कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. प्रेशर कुकरच्या झाकणाला जशी रिंग, तशी ती. सांध्यातलं वंगण आत धरून ठेवते, गोळा घट्ट बसवते. आता गोळा जिथं संपतो आणि हाडाची मान सुरू होते, तिथं एक खळगा हवा. पाय पोटाशी घेतला की वाटीचा काठ त्या खळग्यात सामावतो. काही माणसांत खळग्याच्या जागी हाडाचा उंचवटा असतो. मग पाय पूर्ण वाकायच्या आत उंचवटा काठावर आदळतो आणि मधल्यामध्ये ती रिंग चेपते. यंत्रातल्या कॅमसारखा एका बाजूला फुगलेला म्हणून या प्रकाराला ‘कॅम’च म्हणतात. दुसऱ्या प्रकारात गोळा ठीक असतो, पण वाटीचाच काठ गरजेपेक्षा पुढे आलेला असतो आणि सांडशीसारखा मानेला धरतो. पुष्कळांत दोन्ही थोडंथोडं असतं. वाढीच्या वयात जी मुलं फुटबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी असे खेळ जोरात खेळतात त्यांच्यात कॅमचा उंचवटा जास्त आढळतो, असं युरोपातल्या तरुण खेळाडूंच्या पाहण्यांत दिसलं आहे. खो-खोचं गणित कुणी मांडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण पाटीत उकिडवं बसून क्षणात धावायचा हा खेळ खुब्याकडून काय मागतो, ते कुणालाही दिसेल.

डॉक्टरांनी जुना एक्स-रे उजेडावर धरला. ‘हा अहवाल खोटा नाही,’ ते म्हणाले. ‘हाड मोडलंय का, असं विचारलं होतं. नाही, असं उत्तर आलं.’ मग त्यांनी पाय विशिष्ट कोनात वाकवून नवा एक्स-रे काढवला. त्यात उंचवटा दिसला.

माझ्या कानात हेड कॅशियरांचं वाक्य वाजलं.

*

या दुखण्याचा इतिहासही मोठा बोलका आहे. हाडावर हाड आदळतं आणि काठ तासून आराम पडू शकतो, असं बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन या शल्यविशारदांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं. ते विस्मरणात गेलं. साध्या एक्स-रेत फारसं काही दिसत नाही, मग तरुण माणसाचा खुबा दुखतो कसा, हे कोडं राहिलं. ते सोडवलं स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराच्या राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. गोळ्याचा रक्तपुरवठा न तोडता तो वाटीतून बाहेर काढायची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली आणि २००१ साली ती प्रसिद्ध केली. अशा सहाशेहून अधिक शस्त्रक्रियांच्या अनुभवावर २००३ साली त्यांनी मांडलं, की खुब्याची झीज पुष्कळदा या आदळण्यातून सुरू होते. त्यांना हे कळलं, कारण सांधा उघडून, पाय हलवून, कुठं काय घासतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

पण प्रत्येकाचा सांधा उघडून कसा पाहणार? इथं सोनोग्राफी उपयोगी पडते. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला आठवतं पोटातलं बाळ. साहजिकच आहे. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटातल्या गाठी आणि गर्भ यांच्या ध्वनिचित्रांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि हे तंत्र प्रथम सूतिकागृहात रुजलं. माणसाच्या कानाला वीस हजार कंपनांच्या वरचा आवाज ऐकू येत नाही. सोनोग्राफीचं यंत्र सेकंदाला लाखो कंपनांचा आवाज शरीरात सोडतं आणि परत येणाऱ्या पडसादांतून चित्र उभं करतं. एक्स-रे क्षणभराचा फोटो असतो. इथं चित्र सलग चालू राहतं, रोगी हलला तर चित्र हलतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एक्स-रे हा ३१ मार्चचा ताळेबंद आणि ही रोजकीर्द.

मार्चमधल्या एका सकाळी आम्ही मामा-भाचे सोनोग्राफी केंद्रात जाऊन बसलो. समोर ठळक पाटी होती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. भोवती सात-आठ गर्भवती आणि त्यांच्या सासवा. त्यांच्यात हा सहा फुटी खेळाडू पाय लांब सोडून अवघडून बसलेला. शेजारच्या आजीबाईंनी न राहवून मला विचारलं, ‘तुमच्यापैकी कुणाची काढायचीय?’ गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो पोरगा मनापासून हसला.

त्या पाटीमागं मोठं दुःख आहे, हेही विसरता येत नाही. मुली गर्भातच मारल्या जात होत्या म्हणून महाराष्ट्रानं १९८८ साली देशात सर्वांआधी कायदा केला, पुढे १९९४ साली केंद्राचा आला. आजही प्रत्येक यंत्राची, जागेची, चालवणाऱ्याची नोंद लागते. परदेशात काही ठिकाणी खेळाडूंचा डॉक्टर हातात मावणारं यंत्र घेऊन मैदानावर जातो. आपल्याकडे ते असं कुठंही नेता येत नाही. आपणच केलेल्या पापाची ही किंमत आहे आणि ती दिलीच पाहिजे.

आतल्या रेडिओलॉजिस्ट बाई मध्यमवयीन, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मला पडद्यासमोर बसू दिलं. जांघेच्या जरा खाली थंडगार जेल लावून त्यांनी प्रोब हाडाच्या मानेला समांतर धरला. पडद्यावर एक पांढरी कमान उमटली. ‘काका, हा गोळा. त्यापलीकडे ही मान.’ कमान उतरून जिथं खळगा हवा, तिथं रेषा वर उचलली होती, ताटाखाली वाटाणा सरकावा तशी. कमानीच्या वरच्या टोकाला एक छोटा फिकट त्रिकोण दिसत होता, ती लॅब्रमची कड. सांध्यात पाणी साचलं असतं तर ते काळं दिसलं असतं. थोडं होतं.

‘हाडाच्या आत मला दिसत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘हाडावरून आवाज मागे फिरतो. मागची बाजूही दिसत नाही. समोरचा पृष्ठभाग आणि त्याची हालचाल, एवढंच. आतल्या कूर्चेसाठी एमआरआय.’ आपल्या यंत्राला काय येत नाही हे आधी सांगणारा माणूस मला नेहमी भरवशाचा वाटतो.

मग त्या भाच्याला म्हणाल्या, ‘पाय हळूहळू पोटाकडे घे. दुखेल तिथं सांग.’ पाय उचलला जाऊ लागला. पांढरी कमान फिरू लागली. आधी त्यांनी स्नायूचा जाड कंडरा हाडावरून टणकन उडतो का ते पाहिलं, कारण तेही दुखण्याचं एक कारण असतं. तो शांत होता. पाय आणखी वर आला, किंचित आत फिरला. चित्र जरासं अंधूक झालं, पण मला दिसलं. तो उंचवटा काठाकडे सरकत आला, त्रिकोणाला टेकला आणि त्रिकोण चेपला. त्याच क्षणी टेबलावरून आवाज आला, ‘इथं!’

मी पडदा पाहत होतो, तो पाहत नव्हता. त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. तपासणीत पोतं फोडावं आणि आत अस्सल ज्वारी निघावी, आणि आपण मात्र त्या व्यापाऱ्याला चोर म्हणून मोकळे झालेले असावं, तसं काहीसं.

*

इथवर आल्यावर कुठल्याही मामाला जे वाटेल तेच मला वाटलं. उंचवटा सापडला, आता तो तासून टाका. मी तसं बोललोही. बाईंनी काही न बोलता प्रोब डाव्या खुब्यावर ठेवला. तिथंही तसाच उंचवटा! जवळजवळ तेवढाच. ‘इथं दुखतं?’ त्यांनी विचारलं. ‘छे, हा तर माझा चांगला पाय,’ भाचा म्हणाला.

म्हणजे आधी मी कोऱ्या अहवालावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि आता चित्रावर ठेवायला निघालो होतो. असे उंचवटे घेऊन पुष्कळ माणसं जन्मभर सुखानं मांडी घालतात. म्हणूनच २०१६ साली इंग्लंडमधल्या वॉरिक इथं जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलं, की या आजाराचं निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय करायचं नाही. रोग्याची तक्रार, डॉक्टरांच्या हाताला लागणारी खूण आणि प्रतिमेतला पुरावा. यांतली एक कमी असली तरी निदान अपुरं.

आमच्या डॉक्टरांनी आणखी एक साक्षीदार बोलावला. आठवड्यानं त्याच केंद्रात, सोनोग्राफीच्या चित्रात सुई पाहत, त्यांनी उजव्या सांध्यात भुलीचं औषध सोडलं. सुईचं टोक नेमकं सांध्यात पोचलेलं पडद्यावर दिसत होतं. सांधाच दुखण्याचं मूळ असेल तर काही तास ते थांबेल, दुसरं काही असेल तर थांबणार नाही, असा हा सरळ हिशेब. थोड्या वेळानं भाच्याला उकिडवं बसायला सांगितलं. तो भीतभीत खाली गेला. आणखी खाली गेला. पाटीत बसतात तसा हात टेकून बसला, आणि तसाच बसून राहिला. उठलाच नाही. त्याच्या आईनं पदरानं डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत औषध उतरलं आणि दुखणं परत आलं, पण तोवर त्याचं नाव पक्कं झालं होतं.

पुढे शस्त्रक्रिया करायची की नाही? दुर्बिणीतून उंचवटा तासायची शस्त्रक्रिया आता आपल्याकडेही होते. ब्रिटनमध्ये तेवीस रुग्णालयांतल्या ३४८ रोग्यांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना रोग्यागणिक आखलेला व्यायाम दिला. वर्षानं दोन्हीकडे सुधारणा होती. शस्त्रक्रियेचं पारडं जड निघालं, पण शंभरांपैकी सुमारे सात गुणांनी. दोन्ही बाजूंना बोलायला जागा ठेवणारा हा निकाल. डॉक्टरांनी तो आमच्यापुढे मांडला आणि भाच्याकडे वळून विचारलं, ‘तुझं काय म्हणणं?’ त्यानं व्यायाम निवडला. नितंबांचे आणि पोटाचे स्नायू बळकट करायचे, खाली बसताना कंबर कशी धरायची ते नव्यानं शिकायचं, काही महिने पाटीत उकिडवं बसायचं नाही. एक अख्खा हंगाम गेला. खेळाच्या कोट्यातून नोकरीचा एक अर्जही गेला. ते परत मिळणार नाही.

*

घरोघरच्या आज्यांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. खुब्याची सोनोग्राफी तान्ह्या बाळांतही करतात. ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० साली ती पद्धत आणली. बाळाचा गोळा अजून कूर्चेचाच असतो, एक्स-रेत उमटत नाही, पण आवाज त्यातून आरपार जातो. वाटी उथळ असली तर पहिल्या काही महिन्यांत कळतं आणि बहुतेकदा पट्ट्यांवर भागतं. तेव्हा दुपट्यात गुंडाळताना बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधू नयेत, खुबे मोकळे वाकू द्यावेत. कडेवर दोन्हीकडे पाय टाकून बसवायची आपली रीत त्या दृष्टीनं फार चांगली.

गेल्या महिन्यात भाच्याच्या सरावाला गेलो होतो. आता तो पुन्हा पाटीत बसतो, पूर्ण वेळ नाही, पण बसतो. मी कट्ट्यावर बसून त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होतो, तो खुब्याकडे जातो का ते. गेला नाही. सराव संपल्यावर तो घाम पुसत शेजारी येऊन बसला.

‘मामा, तू मघापासून माझ्या पायाकडे बघतोयस.’

‘दुखतंय का रे?’ मी विचारलं.

‘थोडं,’ तो म्हणाला. ‘शेवटी शेवटी.’

या वेळी मी कुठलाही कागद मागितला नाही.